धवलेची पोथी, ग्रंथमाला आणि ई-पुस्तक

ज्येष्ठ शुद्ध पंचमी हा दिवस आपण श्रुतपंचमी म्हणून पाळतो. त्या दिवशी मंदिरातील शास्त्रांचे कपाट उघडले जाते, ग्रंथांवरील धूळ झटकली जाते, जीर्ण झालेली वेष्टने काढून नवी बांधली जातात आणि चौरंगावर ग्रंथ मांडून जिनवाणीची पूजा होते. उमरीसारख्या लहान गावात हे काम दोन तासांत आटोपते. कपाट लहान, ग्रंथ मोजके. तथापि या कामात सहभागी होताना एक गोष्ट दरवर्षी माझ्या मनाला टोचत आली आहे. आपल्या कपाटात ग्रंथ आहेत, परंतु ग्रंथमाला नाही. एखाद्या मालेचा तिसरा भाग आहे, सातवा आहे. पहिला कोणी स्वाध्यायासाठी नेला तो परत आला नाही, आणि उरलेले भाग कधी आलेच नव्हते. ज्या दात्याने जो भाग भेट दिला तो आला, एवढाच हिशेब.

ग्रंथमाला म्हणजे सुट्या पुस्तकांचा ढीग नव्हे. तिच्या पहिल्या भागात प्रस्तावना असते, ग्रंथकर्त्याचा काल ठरविलेला असतो, कोणत्या हस्तलिखितांवरून पाठ घेतला ते सांगितलेले असते. शब्दसूची व परिशिष्टे पुढील भागांत असतात. मधला एक भाग हाती आलेल्या वाचकाची स्थिती वाटेत गाडीत चढलेल्या प्रवाशासारखी होते. म्हणून ज्या काळी मालेतील सर्व भाग ई-पुस्तकाच्या रूपाने घरबसल्या पाहावयास मिळू लागले, त्या काळाचे मोल आपल्यासारख्या लहान गावातील श्रावकाला महानगरातील विद्वानापेक्षा अधिक कळावे. ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने या विषयावर लिहिताना मी एकाच ग्रंथाची कथा सांगणार आहे. कारण ज्या ग्रंथाच्या स्मरणार्थ श्रुतपंचमी आहे, त्याच ग्रंथाच्या प्रवासात पुढचे सारे प्रश्न येऊन गेले आहेत.

परंपरा अशी की, गिरनारच्या चंद्रगुफेत राहणाऱ्या आचार्य धरसेनांना आपल्यानंतर हे श्रुतज्ञान लोप पावेल अशी चिंता वाटू लागली. त्यांनी दक्षिणेतील मुनिसंघाला पत्र धाडले. तेथून दोन मुनी आले. तेच पुढे पुष्पदंत आणि भूतबली या नावांनी प्रसिद्ध झाले. पुष्पदंतांनी आरंभीची १७७ सूत्रे रचली, उर्वरित सूत्ररचना भूतबलींनी पूर्ण केली आणि ग्रंथ लिहून झाल्यावर ज्येष्ठ शुद्ध पंचमीस चतुर्विध संघाने त्याची पूजा केली. हाच षट्खंडागम होय. त्यावर आचार्य वीरसेनांनी ‘धवला’ नावाची ७२ हजार श्लोकप्रमाण टीका लिहिली. डॉ. हिरालाल जैन यांच्या गणनेनुसार ती इ. स. ८१६ मध्ये पूर्ण झाली. त्यानंतर ‘जयधवला’ ही कषायपाहुडावरील ६० हजार श्लोकप्रमाण टीका वीरसेनांनी आरंभिली व त्यांचे शिष्य जिनसेन यांनी ८३७ मध्ये पूर्ण केली. तो राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाचा काळ होता. राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूरपुराचे अधीश्वर म्हणवीत, आणि लट्टलूर म्हणजे आजचे लातूर असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आपल्याच जिल्ह्यातील कंधार हेही राष्ट्रकूटांचे एक महत्त्वाचे स्थान होते. म्हणजे धवला-जयधवला ज्यांच्या छत्राखाली लिहिल्या गेल्या, ते आपल्या या प्रदेशाशी नाते सांगणारे राजे होते. ग्रंथ मात्र या प्रदेशात राहिला नाही.

तो राहिला कर्नाटकातील मूडबिद्री येथे. शतकानुशतके धवला, जयधवला आणि महाबंध यांच्या जुन्या कानडी लिपीतील ताडपत्री प्रती फक्त तेथील बसदीत होत्या. यात्रेकरू जात, दुरून दर्शन घेत, दक्षिणा ठेवीत आणि परतत. वाचणारा कोणी नव्हता. मूडबिद्रीच्या श्रावकांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी जपले म्हणूनच ग्रंथ उरला. परंतु एकाच ठिकाणी, एकाच प्रकारच्या पानावर, एकाच कपाटात सर्वस्व ठेवणे म्हणजे काय, हे वाळवीला ठाऊक होते.

१८८३ मध्ये मुंबईचे दानवीर शेठ माणिकचंद पानाचंद यात्रेच्या निमित्ताने मूडबिद्रीस गेले. त्यांनी ताडपत्रांची अवस्था पाहिली आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांना कळविले. हिराचंदांनी स्वतः जाऊन पोथ्या पाहिल्या. निधी जमला, बोलणी झाली आणि १८९६ च्या सुमारास नक्कल करण्याचे काम सुरू झाले. ब्रह्मसूरी शास्त्री आणि गजपती उपाध्याय हे लेखक. तिन्ही ग्रंथांच्या नकला पूर्ण होण्यास सुमारे पंचवीस वर्षे लागली. अट मात्र एक होती : नव्या प्रतीदेखील मूडबिद्रीबाहेर जावयाच्या नाहीत. कपाटात एक पोथी होती, त्याच कपाटात आणखी पोथ्या झाल्या.

आता कथेतील अवघड प्रसंग येतो. गजपती उपाध्याय यांनी आपल्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या साह्याने गुप्तपणे कानडी लिपीत आणखी एक प्रत तयार केली. ती घेऊन ते सोलापुरास हिराचंद नेमचंद यांच्याकडे आले. ज्या माणसाने या ग्रंथाच्या उद्धारासाठी वर्षानुवर्षे खटपट केली, त्याने ती प्रत घेण्यास नकार दिला. अशा मार्गाने आलेली प्रत स्वीकारणे त्यांना उचित वाटले नाही. शेठ माणिकचंदांनीही ती घेतली नाही. शेवटी सहारनपूरचे लाला जंबूप्रसाद यांनी ती ठेवून घेतली. तेथे कानडीवरून देवनागरी प्रत करण्याच्या कामावर असलेल्या सीताराम शास्त्री यांनी स्वतःसाठीही एक नक्कल ठेवली, आणि तिच्यापासून झालेल्या प्रती आरा, कारंजा, सोलापूर आदी ठिकाणी पोहोचल्या. सोलापूरलाही ग्रंथ अखेर आला, पण सहारनपूरचा वळसा घालून.

हिराचंदांचा नकार चूक की बरोबर, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. व्यक्ती म्हणून त्यांचे आचरण निष्कलंक होते. परंतु त्या गुप्त प्रतीवाचून आजच्या धवलेचे मुद्रण कधी झाले असते, हे सांगता येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही.

मुद्रणाचा मार्गही निष्कंटक नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शास्त्र छापावे की नाही यावर समाजात कडाक्याचा वाद होता. छापखान्यात सोवळे-ओवळे राहत नाही, शाई व सरस अशुद्ध, पुस्तक कोणाच्याही हाती पडणार, रद्दीत जाणार, जिनवाणीची आशातना होणार, असे आक्षेप होते. त्याच काळात हिराचंद नेमचंद यांनी सोलापुरातून ‘जैन बोधक’ हे मराठी मासिक चालविले व छापील ग्रंथांचा पुरस्कार केला. धवलेच्या बाबतीत तर, सिद्धांतग्रंथ वाचण्याचा गृहस्थास अधिकारच नाही, असे म्हणणारेही होते.

शेठ माणिकचंद १९१४ मध्ये निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ १९१५ मध्ये मुंबईस माणिकचंद्र दिगंबर जैन ग्रंथमाला निघाली आणि पंडित नाथूराम प्रेमी यांनी ती निष्ठेने चालविली. ग्रंथ उत्पादनखर्चाच्या किमतीस विकावयाचे हे तिचे धोरण होते. पुढे १९४० मध्ये सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या मनात आपली न्यायार्जित संपत्ती धर्म आणि समाजाच्या उन्नतीसाठी लावण्याची प्रबळ इच्छा झाली. त्यांनी विद्वानांची मते मागविली, १९४१ च्या उन्हाळ्यात नाशिकजवळ गजपंथा येथे विद्वानांना एकत्र बोलाविले आणि जैन संस्कृती संरक्षक संघाची स्थापना करून ३० हजार रुपयांचे दान जाहीर केले. १९४४ मध्ये सुमारे दोन लाखांची आपली सर्व संपत्ती त्यांनी संघाला ट्रस्टरूपाने अर्पण केली. जीवराज जैन ग्रंथमाला ती हीच. डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन हे तिचे संपादक. तिलोयपण्णत्तीच्या पहिल्या भागाने १९४३ मध्ये मालेचा आरंभ झाला. १६ जानेवारी १९५७ रोजी ब्रह्मचारीजींनी समाधिमरण साधले, तोवर माला भारतभर आणि परदेशांतील विद्यापीठांतही पोहोचली होती. श्वेतांबर परंपरेतही याच सुमारास मुनी जिनविजयजींची सिंघी जैन ग्रंथमाला उभी राहिली होती. तिचा ‘प्रबंधचिंतामणी’ १९३३ चा.

धवलेचा पहिला भाग १९३९ मध्ये अमरावतीहून निघाला. हिरालालजी तेथील किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते. भेलसा, म्हणजे आजच्या विदिशा, येथील शेठ सिताबराय लक्ष्मीचंद यांच्या दानातून जैन साहित्योद्धारक फंड स्थापन झाला होता, त्यातून हे कार्य झाले. सोळा भाग पूर्ण होण्यास दोन दशके लागली. जयधवला मथुरेहून १९४४ पासून सोळा भागांत, महाबंध काशीच्या भारतीय ज्ञानपीठाकडून १९४७ पासून सात भागांत प्रसिद्ध झाला. तीन गावे, तीन प्रकाशक, एकूण ३९ भाग! मधल्या काळात कित्येक भाग दुर्मिळ झाले. म्हणून सोलापूरच्या संघाने १९७३ पासून धवलेच्या सुधारित आवृत्त्या काढल्या. हा सर्व संच एखाद्या लहान गावाने उभा करावा, ही अपेक्षाच अवास्तव होती.

त्यात आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. सोलापूर जवळ असले तरी ते ब्रिटिश मुलखात. मध्ये करोडगिरीचे नाके. शाळांतून उर्दूचे प्राबल्य आणि मराठी ग्रंथालये मोजकी. धवलेचे आरंभीचे भाग अमरावतीस छापून होत होते, त्या वर्षांत येथील माणसे वेगळ्याच लढ्यात गुंतली होती. ३० जानेवारी १९४८ च्या बँक-प्रकरणाने उमरीचे नाव हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात नोंदले गेले. अशा काळात येथील श्रावकाच्या घरी ग्रंथमालेचा एखादा भाग आला असेल, तर तो कोणाच्या तरी यात्रेच्या वळकटीतूनच आला असेल.

याच कथेतील मराठवाड्याचा एक धागा येथे सांगितला पाहिजे. ताडपत्रांची झीज होत असल्याचे कळल्यावर चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांनी चाळीसच्या दशकात हे सिद्धांतग्रंथ ताम्रपत्रांवर कोरविण्याची प्रेरणा दिली. ती ताम्रपत्रे फलटण येथे आहेत. महाराजांची सल्लेखना १९५५ मध्ये आपल्या धाराशिव जिल्ह्यातील कुंथलगिरीवर झाली. तांबे वाळवीला जुमानत नाही, पाण्याने सडत नाही. परंतु ताम्रपत्र कोणी मांडीवर घेऊन वाचीत नाही आणि त्याची दुसरी प्रत सहज करता येत नाही. ई-पुस्तकाचे याच्या नेमके उलट आहे. ते क्षणात पुसले जाते आणि क्षणात शंभर ठिकाणी पोहोचते.

नक्कल करताना काय निसटते याचे उदाहरणही धवलेतच आहे. पहिल्या भागातील ९३ व्या सूत्रात ‘संजद’ हे पद हस्तलिखित नकलांत नव्हते. टीकेतील विवेचनावरून संपादकांनी ते मुळात असले पाहिजे असे अनुमान केले. त्यावर मोठे वादळ उठले, कारण त्या एका पदावर सिद्धांताचा महत्त्वाचा प्रश्न अवलंबून होता. पुढे मूडबिद्रीच्या ताडपत्राशी ताडून पाहता ते पद तेथे सापडले. तीन अक्षरांच्या शब्दासाठी मूळ पानापर्यंत जावे लागले.

आता ई-पुस्तकाकडे वळू. या शतकाच्या आरंभी बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठ यांच्या सहकार्याने ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ हा उपक्रम सुरू झाला. देशातील ग्रंथालयांतून लाखो पुस्तके स्कॅन झाली, त्यांत जैन ग्रंथमालांचे कितीतरी भाग होते. उत्तर अमेरिकेतील जैन संघांच्या ‘जैना’ या महासंघाच्या शिक्षण समितीच्या पुढाकाराने ‘जैन ई-लायब्ररी’ उभी राहिली. तेथे दोन्ही परंपरांचे हजारो ग्रंथ विनामूल्य मिळतात. एखाद्या ग्रंथमालेचे नाव टाकून शोध घेता भागांची रांग समोर येते, तेव्हा श्रुतपंचमीच्या दिवशी रिकामे दिसणारे कप्पे आठवतात आणि मन भरून येते.

परंतु २०१७ मध्ये डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचे मूळ संकेतस्थळ बंद झाले. स्वामित्वहक्काचे प्रश्न उपस्थित झाले होते. एका दिवसात सारे दालन कुलूपबंद! तेथील पुस्तके वाचली ती एवढ्याचमुळे की, त्यांच्या प्रती तत्पूर्वीच ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या परदेशी सार्वजनिक संग्रहात जाऊन पोहोचल्या होत्या. मला लागलीच सहारनपूर आठवले. सर्व्हर झाला म्हणून काय झाले, तेही एक कपाटच आहे.

या ई-प्रतींचे दोषही सांगितले पाहिजेत. घाईने केलेल्या स्कॅनमध्ये पाने गळलेली असतात, कोठे बोट छापले जाते. नावे रोमन लिपीत वेडीवाकडी नोंदविल्यामुळे ‘धवला’ तीन-चार प्रकारांनी शोधावी लागते, आणि भागाचा क्रमांक नसल्यास प्रत्येक फाईल उघडून पाहावी लागते. शिवाय बहुतेक ई-पुस्तके म्हणजे पानांची छायाचित्रे होत. मोबाईलच्या पडद्यावर ते पान बोटांनी मोठे करीत, इकडून तिकडे सरकवीत वाचणे साठीच्या पुढील डोळ्यांना त्रासाचे होते. चित्रातील अक्षरे ओळखून मजकूर तयार करणारी ओसीआर नावाची संगणक-प्रणाली आहे. मराठी-हिंदीवर ती बरी चालते, पण धवलेतील प्राकृत शब्द आणि जुन्या खिळ्यांची जोडाक्षरे यांवर अडखळते. तिच्या भरवशावर तयार केलेल्या पाठात एखादे ‘संजद’ निसटले तर कोणाच्या लक्षातही यायचे नाही. म्हणून मजकुराचे ई-पुस्तक करताना मूळ पानाचे चित्र सोबत ठेवावे, असे माझे मत आहे.

स्वामित्वहक्काविषयीही आपल्याकडे बराच गोंधळ आहे. वीरसेनांच्या रचनेवर कोणाचाच हक्क नाही. संपादन, अनुवाद आणि प्रस्तावना यांवर मात्र असतो, आणि १९५७ च्या कायद्यानुसार तो लेखकाच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. पंडित नाथूराम प्रेमी १९६० मध्ये निवर्तले. त्यांचे स्वतःचे लेखन २०२१ पासून सर्वांसाठी खुले आहे. डॉ. हिरालाल जैन १९७३ मध्ये व डॉ. उपाध्ये १९७५ मध्ये निवर्तले. त्यांच्या लेखनास अनुक्रमे २०३३ आणि २०३५ च्या अखेरपर्यंत थांबावे लागेल, अथवा हक्क असणाऱ्या संस्थेची अनुमती घ्यावी लागेल. हिराचंदांनी जी प्रत नाकारली, तिची आठवण ठेवून अनुमती मागण्याचा मार्गच आपल्याला शोभेल. एक पत्र लिहिण्याचे तेवढे श्रम आहेत.

‘मोबाईलवर शास्त्र वाचणे ही आशातना नव्हे काय?’ असा प्रश्न मला ज्येष्ठ मंडळी विचारतात. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्या यंत्रावर वाटेल ते पाहिले जाते, ते यंत्र हाती घेऊन स्वाध्याय करताना चित्त विचलित होते, हे मी स्वानुभवाने सांगतो. मंदिरात चौरंगावर ग्रंथच असावा. परंतु छापखान्याविषयीचे जुने आक्षेप आणि हे आक्षेप शेजारी ठेवून वाचले, तर शब्दसुद्धा फारसे बदललेले नाहीत असे आढळते.

माझी खरी चिंता वेगळी आहे. संस्कृत, प्राकृत आणि हिंदी ग्रंथांचे स्कॅन मुबलक झाले. त्या मानाने आपल्या मराठी जैन ग्रंथांचे कमी, असे माझ्या पाहण्यात आले. डॉ. विद्याधर जोहरापूरकर यांचा ‘भट्टारक संप्रदाय’ हा १९५८ चा ग्रंथ हिंदीत आहे म्हणून तो शोधणाऱ्यास सापडतो. त्यात बलात्कारगणाच्या लातूर शाखेचे प्रकरण आहे. मूर्तिलेख आणि ग्रंथप्रशस्ती यांवरून आपल्या भागातील भट्टारक, त्यांचे शिष्य आणि दाते यांची माहिती जुळविलेली आहे. मराठवाड्यातील प्रत्येक जैन घराने ते प्रकरण एकदा तरी वाचावे. परंतु गुणकीर्तींचे ‘धर्मामृत’, गुणदासांचे ‘श्रेणिकचरित्र’, मेघराजांचा ‘जसोधर रास’ हे जुन्या मराठीतील ग्रंथ, जे जीवराज ग्रंथमालेच्या मराठी विभागाने परिश्रमाने संपादित करवून छापले, ते आज आपल्या किती मुलांनी पाहिले आहेत? पाचशे वर्षांपूर्वी आपले पूर्वज मराठीत ग्रंथ रचीत होते, हे ज्यांना दाखवावयाचे त्यांच्यापर्यंत ते पोहोचलेले नाहीत.

गेल्या श्रुतपंचमीस वेष्टने बदलताना आम्ही दोघा-तिघांनी प्रथमच कपाटाची यादी केली : मालेचे नाव, भाग, वर्ष, प्रकाशक. ती यादी संगणकावर शोधून पाहिली. मालांचे जे भाग आपल्याकडे नाहीत, त्यांतील बहुतेक ई-रूपात मिळाले आणि एका पेनड्राईव्हमध्ये साठवून कपाटातच ठेवले आहेत. दुसरी प्रत ट्रस्टच्या एका विश्वस्तांच्या घरी आहे. उलट आपल्या कपाटातील दोन मराठी पुस्तके मात्र कोठेही आढळली नाहीत. एकाचे मुखपृष्ठ गेले आहे. दुसऱ्याच्या कडा कसरीने खाल्ल्या आहेत, अक्षरांपर्यंत अद्याप आलेली नाही. तूर्त त्यांना नवी वेष्टने बांधली आहेत. स्कॅन करणारे दुकान नांदेडला आहे, आणि दिवाळीच्या सुटीत एक विद्यार्थी ती घेऊन जाणार आहे.